कॅरिबियन बेटांवरचा भरपेट पारंपरिक नाश्ता घरातल्या साध्या सामानात करता येईल का?

हो, अगदी आरामात. पण कॅरिबियन म्हणजे एकच स्वयंपाकघर नव्हे, बेट बदललं की न्याहारीही बदलते. मी नोकरीनिमित्त त्रिनिदादला राहत होते, म्हणून तिथलं सांगते: बुलजॉल, म्हणजे खारवलेल्या माशाची कोशिंबीर, आणि नारळाचा बेक, म्हणजे जाडसर गोल पाव. खारा मासा, मैदा, नारळ, कांदा-टोमॅटो, एवढ्यावर काम भागतं.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडकडचा कॉड मासा खारवून, वाळवून जहाजांनी या बेटांवर यायचा. त्यातला हलका माल उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना शिधा म्हणून मिळे. त्या शिध्यातून त्यांनी इतका चविष्ट पदार्थ उभा केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौघांना पाव किलो मासा पुरतो. कॉड नसेल तर खारवलेली सुरमई घ्या. बोंबील किंवा सुकट नको, कारण माशाचे जाडसर तुकडे सुटायला हवेत. धुऊन भरपूर पाण्यात १०-१५ मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात पुन्हा उकळा आणि एक तुकडा खाऊन बघा. सगळी चव इथेच ठरते. खारटपणा पूर्ण घालवलात तर मासा मिळमिळीत लागतो. थोडा राहू द्या, वरून मीठ घालायचंच नाहीये. काटे-कातडी काढून बोटांनी मोकळा करा. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, एखादी तिखट मिरची बारीक चिरून मिसळा. मिरपूड घाला, २-३ चमचे तेल तापवून ओता, लिंबू पिळा. सोबत उकडलेलं अंडं आणि अव्होकाडो.

बेकसाठी २ वाट्या मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, चवीला मीठ-साखर, मोठा चमचा लोणी आणि अर्धी वाटी खवलेला ओला नारळ एकत्र करून नारळाच्या दुधात मऊ मळा. २० मिनिटं झाकून ठेवा, मग इंचभर जाडीचा गोल थापा. पूर्वी हा लोखंडी भांड्यात, खाली-वर निखारे ठेवून भाजत, कोकणात धोंडस करतात तसा. ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास लागतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर दोन्हीकडून भाजा. आच वाढवू नका, आत कच्चा राहतो.

मासे खात नसाल तर टोमॅटो चोका करा. १८४५पासून तिथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या घरांतली ही न्याहारी. टोमॅटो आचेवर भाजून, सालं काढून कुस्करायचे, कच्चा कांदा, मिरची, मीठ घालायचं आणि वर लसणाची कडकडीत फोडणी. तिथे याच्याबरोबर तव्यावरची साधी रोटी खातात, पण गरम बेकबरोबरही मस्त लागतो.