ताप जाऊन आठ महिने झाले तरी थकवा जात नाही, अजून कुठल्या इन्फेक्शनच्या टेस्ट करू?

आठ महिने झाले म्हणताय आणि ईबीव्ही (एपस्टाईन-बार व्हायरस) ची आयजीजी अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यामुळे घाबरलाय, तर आधी त्याचं टेन्शन सोडा. मलाही एमई/सीएफएस म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, न जाणाऱ्या थकव्याचा आजार आहे म्हणून सांगते, जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांचं आयजीजी पॉझिटिव्हच येतं, म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेलाय एवढंच. नुकतंच झालंय का हे कळायला व्हीसीए आयजीएम ही ईबीव्हीचीच दुसरी अँटिबॉडी टेस्ट बघतात.

ज्याच्यावर औषध आहे ते आधी शोधा. टीबी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुराढोरांशी संबंध येत असेल तर ब्रुसेला आणि क्यू फीवर पण. आणि सगळं इन्फेक्शनच असतं असं नाही हो, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, शुगर हे पण बघून घ्या. वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, गाठ लागतेय असं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

हे सगळं नॉर्मल आलं तर मग महागडी टेस्ट पॅनेल करत बसू नका प्लीज. ऑस्ट्रेलियात डब्बो भागात ईबीव्ही, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर व्हायरस (डासांमुळे होणारं तिथलं इन्फेक्शन) झालेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, तर सहा महिन्यांनी साधारण ११ टक्के लोकांना क्रॉनिक फटीग होतं आणि तिन्ही जंतूंमध्ये चित्र सारखंच, फरक पडला तो सुरुवातीचा आजार किती जोरात होता याने. म्हणजे सुरुवात करून देणारा जंतू सापडला तरी आजचा थकवा त्याच्या औषधाने जाईलच असं नाही. २००९ मध्ये या आजाराच्या पेशंट्समध्ये एक्सएमआरव्ही नावाचा व्हायरस सापडला म्हणून केवढी आशा लागली होती, काहींनी तर एचआयव्हीची औषधं सुरू केली, आणि शेवटी ते लॅबमधलं कंटॅमिनेशन निघालं, २०११ मध्ये तो रिसर्च पेपरच मागे घेतला. फार वाईट वाटतं त्या पेशंट्सचं.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांगा, श्रम केल्यावर त्रास कधी वाढतो. माझं असं होतं की केस धुतले, पाहुण्यांशी तासभर बोलले, त्या दिवशी ठीक असते आणि दुसऱ्या दिवशी घसा दुखतो, अंग ठणकतं, उठवत नाही. तुमचंही असंच होत असेल तर रोज वहीत लिहा आणि तीच वही दाखवा, कारण एमई/सीएफएसची मुख्य खूण हीच आहे आणि ती कुठल्याच ब्लड रिपोर्टमध्ये दिसत नाही. आणि तोपर्यंत कोणी कितीही म्हणालं की रोज थोडा थोडा व्यायाम वाढव तरी ऐकू नका, ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २०२१ मध्येच ते एमई/सीएफएसच्या गाइडलाइनमधून काढून टाकलंय.