तुमचे प्रश्न: कॉलेज सोडणारा पॅट्रिक

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, म्हणतो स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीवाल्या पॅट्रिक कॉलिसनने कॉलेज सोडलं मग मी का नको? हा नक्की कोण, आणि आधी काय करायचा? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मुलाला म्हणावं कॉलेज सोडलं ते लक्षात राहिलं, पण त्याआधीचं बघ ना! १९८८ चा जन्म, आयर्लंडमधल्या ड्रोमिनीर नावाच्या छोट्या गावात वाढला, गावात धड इंटरनेट नाही म्हणून घरी सॅटेलाइट कनेक्शन, आणि त्यावर हा पोरगा प्रोग्रामिंग शिकत बसायचा. २००५ मध्ये, १६ वर्षांचा असताना, तिथल्या यंग सायंटिस्ट स्पर्धेत पहिला आला, कशासाठी तर क्रोमा नावाची स्वतः बनवलेली प्रोग्रामिंग भाषा, लिस्प या जुन्या भाषेवर बेतलेली. मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण तेव्हा ना कंपनी होती ना पैसा, नुसती आवड.

मग अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठात अ‍ॅडमिशन. तिथून सुट्टी घेऊन भाऊ जॉन आणि आणखी दोघांबरोबर ऑक्टोमॅटिक ही कंपनी काढली, ईबे या ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर बनवणारी, २००८ मध्ये ती साधारण ५० लाख डॉलरला विकली. वेबसाइटवर कार्डने पैसे घेणं तेव्हा फार किचकट, बँकेची कागदपत्रं वगैरे, ते सोपं करायला २०१० मध्ये दोघा भावांनी स्ट्राइप काढली, आणि डिग्री राहिली ती राहिलीच.

म्हणजे कॉलेज सुटलं तेव्हा एक कंपनी विकून झालेली होती. तुमच्या लेकाने आत्ता काय बनवलंय ते आधी मांडी घालून बघा, आणि बारावी होऊ द्या.