जुन्या शहरातील भिंती आणि भव्य चित्रे

प्रश्न : धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमधील इमारतींच्या उंच भिंतींवर मोठी चित्रे काढून घ्यावीत, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. दिल्लीच्या लोदी कॉलनीतील भित्तिचित्रांची छायाचित्रे पाहून तरुण मुले उत्साहात आहेत. परंतु त्यामुळे जुने वाडे खराब होतील, असे ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आहे. भिंत, रंग, विषय आणि परवानगी यांविषयी मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्याकडील ज्येष्ठांची शंका रास्त आहे. जुन्या वाड्याची भिंत बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेली असते. ती पावसाळ्यात ओल शोषते आणि पुढे कोरड्या हवेत ती बाहेर सोडते. अशा भिंतीवर नेहमीचा ॲक्रिलिक रंग दिला की त्याच्या थरामुळे ओलीची वाट अडते, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाखाली साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि काही पावसाळ्यांतच रंगासकट गिलाव्याचे पोपडे निघू लागतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, नक्षीदार खांब, तुळया आणि सज्जे असलेल्या दर्शनी बाजूंवर चित्र काढूच नये. त्यांची डागडुजी करून त्यांना चुन्याचा हात द्यावा. चित्रासाठी या वाड्यांच्या शेजारी अलीकडे उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या इमारतींच्या बिनखिडक्यांच्या, ओक्याबोक्या बाजू निवडाव्यात. तेथे चित्र आले तर गल्लीचे रूप खरोखर सुधारते आणि जुन्याला धक्काही लागत नाही.

लोदी कॉलनीशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. ती १९४०च्या दशकातील सरकारी वसाहत आहे. तेथे मालक एकच आणि इमारतींसमोर रस्तेही मोकळे. धुळ्यात १८१८ नंतर ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी सरळ रेषेत आखलेल्या पेठेतही गल्लीची रुंदी बेताचीच आहे. चार मजली चित्राखाली उभे राहिलेल्या माणसाला त्याचा फक्त खालचा भाग दिसतो. पूर्ण चित्र पाहायला निदान भिंतीच्या उंचीइतके तरी मागे सरकता आले पाहिजे. त्यामुळे चौकाकडे तोंड असलेली, गल्लीच्या टोकाला समोर येणारी किंवा पांझरा नदीच्या पुलावरून दिसणारी भिंत शोधावी. माझ्या मते हा शोध चित्रकाराला बोलावण्याच्या आधीच संपायला हवा.

भिंत ठरली की तिची परीक्षा घ्यावी. तळहात घासल्यावर पांढरी भुकटी लागली तर जुना थर खरवडून अस्तर द्यावे लागेल. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ती भिंत अजून ओली आहे. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर महिनाभर तरी थांबावे. काम दिवाळीनंतर धरावे, कारण आपल्याकडच्या वैशाखात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचे कडक ऊन बसते. तेथे भडक गुलाबी-जांभळ्या छटांपेक्षा गेरू, काव, पिवडी असे मातीचे रंग कितीतरी जास्त टिकतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही मातीच्या गिलाव्यावर मुख्यतः असेच खनिज रंग वापरले होते, अर्थात त्यांच्या चित्रांना लेण्यांची सावली लाभली.

विषयाबाबत बाहेर पाहण्याची गरज नाही. १९३६ मध्ये आपल्या खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून आणि तिथल्या कारागिरांच्या हातून तो परिसर सजवला होता. कापूस वेचणाऱ्या बायका, कानबाई देवीची मिरवणूक, केळीचे घड वाहणारी माणसे असे विषय ज्या गल्लीत चित्र होणार आहे तिथल्या रहिवाशांसमोर आधी मांडावेत आणि त्यांच्या सूचनांनुसार कच्चे रेखाटन बदलण्याची तयारी ठेवावी.

परवानगीचे थोडक्यात सांगतो : इमारतीच्या सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आणि महानगरपालिकेची लेखी मंजुरी, दोन्ही घ्यावीत. संरक्षित वास्तूच्या जवळपास काम असेल तर पुरातत्त्व विभागाला आधी विचारावे. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकासाठी सुरक्षापट्टा आणि विमा यांत काटकसर अजिबात करू नये.

चित्रकाराशी करारही लेखीच हवा. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढले गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत देऊन ५ लाख रुपये भरपाईही देवविली. म्हणून चित्र किती वर्षे ठेवायचे, रंग उडाल्यास डागडुजी कोणी व कोणाच्या खर्चाने करायची आणि मालकाला इमारत पाडायची झाल्यास चित्रकाराला किती आधी कळवायचे, हे पहिला ब्रश लागण्यापूर्वीच कागदावर आणावे.