डॉक्टरकी सोडून दात साफ करायचे?

“ताई, सरळ सांगा. मी माझी डिग्री पाण्यात घालतेय का?”

अंगातला जाड कोटही न काढता ती हे विचारून मोकळी झाली. तिला आपण मेधा म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, बाकीचं तिच्या परवानगीने लिहिते आहे. वय ३८. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, महाराष्ट्रातच घेतलेली, सहा वर्षं प्रॅक्टिस, त्यातली शेवटची तीन स्वतःच्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात. नवऱ्याच्या नोकरीमागे न्यू जर्सीला आली त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत दोन मुलं झाली, आणि नव्या कुणाशी ओळख झाली की “मी तिकडे डेंटिस्ट होते” हे वाक्य सांगायची सवय लागली. त्यातलं ‘होते’ ती इतकं हळू म्हणायची की समोरच्याला ते ऐकूच जायचं नाही.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मेधा पहिली नव्हे. इथल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही गणपतीत मोदकाच्या रांगेत उभं राहिलं, तर दोन-तीन दंतवैद्य भेटतातच, आणि त्यांतली एखादी तरी रुग्णाच्या तोंडाला हात न लावणारी असते. भारतातल्या बीडीएसवर इथे थेट प्रॅक्टिस करता येत नाही. रूढ रस्ता म्हणजे राष्ट्रीय परीक्षा द्यायची, इंग्रजीची परीक्षा द्यायची, मग परदेशी दंतवैद्यांसाठीच्या खास अभ्यासक्रमात जागा मिळवायची. जागा थोड्या, शिक्षण दोन ते तीन वर्षांचं, आणि फी अनेक ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते. मेधाने दोनदा प्रयत्न केला होता. एकदा मुलाखतीपर्यंत पोचली, पुतळ्याच्या तोंडात दात कोरून दाखवण्याच्या चाचणीत अडकली. मुलं लहान. दुसऱ्या राज्यात जाऊन राहणं शक्य नव्हतं.

दुसरा रस्ता घराजवळचा होता. कम्युनिटी कॉलेजमधला, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजातला, डेंटल हायजीनचा अभ्यासक्रम. तो करून हायजिनिस्ट होता येतं, म्हणजे दवाखान्यात पेशंटचे दात आणि हिरड्या साफ करणारी. एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात तो आहे, बर्गन कम्युनिटी कॉलेजात आहे, देशभर शेकडो ठिकाणी आहे. मुख्य शिक्षण साधारण दोन वर्षांचं. त्याआधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी वगैरे विषय पुरे करायचे, म्हणजे धरून चाला तीन वर्षं. नवरा आयटीतला, त्याने एक्सेलमध्ये सगळा हिशोब मांडून ठेवला होता. एका रकान्यात फी, दुसऱ्यात पगार. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये देशातल्या हायजिनिस्टचा मध्यम पगार वर्षाला ८७ हजार डॉलरच्या थोडा वर होता. एक्सेल म्हणत होतं, “जा.” मेधाला त्या एक्सेलचाच राग आला होता.

आणि सांगलीहून सासूबाईंचा फोन: “म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली दात घासायचे का गं?”

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी म्हणून गेले, “अगं, कुठलंही काम हलकं नसतं.” ती हसली, मान हलवली, पुढच्या भेटीची वेळ घेतली आणि तीन आठवडे आलीच नाही. वाक्य खरं असलं तरी त्यातून मी तिला एवढंच कळवलं होतं की तुझं दुःख चुकीचं आहे.

ती परत आली तेव्हा मी कॉलेजचा विषयच काढला नाही. विचारलं, “दवाखाना बंद केलास तो दिवस कसा होता?” उत्तर यायला वेळ लागला. खुर्च्या विकल्या, त्या उचलायला टेम्पो आला, एका आजोबांचं रूट कॅनाल अर्धंच झालं होतं, ते मैत्रिणीकडे सोपवलं. नावाची पितळी पाटी सासरी माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. त्या पाटीबद्दल नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. अमेरिकेला जाणं म्हणजे आनंदाची गोष्ट, मग त्यात रडायचं काय? दोन भेटी आम्ही त्या पाटीवरच बोललो. परदेशात आलेल्या कितीतरी बायकांचं पुढच्या निर्णयाचं घोडं इथेच अडलेलं असतं, असं माझं मत आहे.

मग मी तिला एक काम दिलं. “जवळच्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये पेशंट म्हणून जा. दात साफ करून घे आणि नुसती बघत राहा.” अशा क्लिनिकमध्ये विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या पैशांत दात साफ करून देतात. लागतो तो वेळ. मेधा साडेतीन तास त्या खुर्चीत होती. विद्यार्थिनीचा हात थरथरत होता, पण एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजून ती आकडे लिहवून घेत होती. प्रत्येक टप्प्याला शिक्षिका येऊन तपासून जात होती.

“ताई, आम्ही तिकडे स्केलिंग, म्हणजे किटण काढणं, वीस मिनिटांत उरकायचो. बाहेर दहा पेशंट बसलेले असायचे. इतकं नीट मी कधीच केलं नव्हतं.”

ती हे लाजून बोलली की उत्सुकतेने, मला नीट कळलं नाही. दोन्ही असेल.

सासूबाईंच्या प्रश्नात मला कुत्सितपणा दिसत नाही. भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही हायजिनिस्टच्या नोंदणीची तरतूद होती. पण आपल्याकडे किटण डॉक्टरच काढतात, त्यामुळे हा माणूस कुणाला कधी भेटतच नाही. अमेरिकेत हा पेशा जुना. १९०६ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने आपल्याकडे मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमनला दात साफ करायला शिकवलं, १९१३ मध्ये वर्ग सुरू केले. दात किडल्यावर उपटण्यापेक्षा किडूच नयेत, ही त्याची खटपट होती. मेधाने हे सासूबाईंना फोनवर सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, “मुलं जेवली का?”

तिने अर्ज केला. हेपटायटिस बीची लस, सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र, भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन. काही कॉलेजांत विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, त्यामुळे जे ती झोपेतही सांगू शकली असती ते शरीरशास्त्र तिला पुन्हा करावं लागलं. भाषणकलेच्या तासाचा तिने सर्वांत जास्त तिरस्कार केला आणि उपयोग सर्वांत जास्त त्याचाच झाला.

खरी परीक्षा पहिल्या सत्रात झाली. हाताने वापरायचं हत्यार, म्हणजे क्युरेट, कसं धरायचं, बोटाचा टेकू कुठे द्यायचा, पात्याचा कोन किती, मनगट कुठे वळवायचं, याची तपासणी असते. ग्रेसी नावाच्या क्युरेटांत दाढेच्या पुढच्या अंगाला ११/१२ आणि मागच्या अंगाला १३/१४, असं प्रत्येक बाजूचं हत्यार वेगळं. मेधाचा हात किटण काढायच्या मशीनला सरावलेला. ती नापास झाली. वर्गातल्या विशीतल्या मुली पास झाल्या, कारण त्यांच्या हाताला विसरायचं असं काही नव्हतं. शिकवणारी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान.

“माझा हात माझं ऐकत नाही, ताई.”

हातासाठी मी काही करू शकत नव्हते. पण बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. शिक्षिकेने चूक दाखवली की मेधाच्या मनात “मी डॉक्टर आहे” असं वाजायचं, आणि त्या आवाजात पुढची दोन वाक्यं तिला ऐकूच यायची नाहीत. नेमकी तीच कामाची असायची. आम्ही ठरवलं की क्लिनिकमधून बाहेर पडताच शिक्षिकेचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. आधी ते शब्द, मग वाटेल तेवढा राग. तिसऱ्या प्रयत्नात ती पास झाली.

दुसरा अडथळा अनपेक्षित होता. एका पेशंटला ती सहज म्हणून गेली, “इथे कीड आहे, भरून घ्यावी लागेल.” निदान करणं हायजिनिस्टच्या अधिकारात नाही. दिसलेलं नोंदवायचं आणि “डॉक्टर बघतील” म्हणायचं. तिच्या नावावर लेखी ताकीद लागली. बीडीएस झालेल्यांना इथे सर्वांत जास्त जपावं लागतं: माहीत असूनही थांबायचं. ज्यांना हे आयुष्यभर झेपणार नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. शस्त्रक्रियेत जीव रमणाऱ्या एकीला मी तसं स्पष्ट बोललेही होते. ती पहिल्याच, महागड्या रस्त्याने गेली आणि तिच्यासाठी ते बरोबर ठरलं.

विद्यार्थ्यांना पेशंट बहुतेक स्वतःच शोधावे लागतात, आणि भरपूर किटण असलेले हवे असतात. मेधा आरतीच्या वेळी लोकांच्या तोंडाकडे बघायला लागली. कराडकडून लेकीकडे आलेल्या एक आजी तिला अशाच सापडल्या, चाळीस वर्षं मिश्री लावलेल्या. ते काळं थर चढलेलं किटण बघायला अख्खा वर्ग गोळा झाला. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती हिरड्यांचं काय करते आणि आजी ती सोडायला का तयार नाहीत, हे वर्गात एकट्या मेधालाच सांगता आलं. आजी चार वेळा आल्या. मिश्री सोडली नाही.

वयाचं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की वयापेक्षा मान, खांदे आणि मनगटं तपासून घ्या, हे काम तिथेच दुखतं. भिंगाचा चष्मा आणि बसायची ढब यात कंजुषी नको. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, शिकता येतं, पण पगारी काम करायला वेगळा परवाना लागतो, तेव्हा तो कधी मिळणार हे फी भरण्याआधी वकिलाला विचारा. हायजिनिस्टच्या परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडात परदेशी दंतवैद्यांना हायजीनचं कॉलेज न करताही हायजिनिस्टच्या परीक्षेला बसण्याची वाट आहे. म्हणून आधी आपल्या राज्याच्या दंत मंडळाचे नियम वाचा, मैत्रिणीचा अनुभव नंतर.

मेधाने साडेतीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा दिली, प्रात्यक्षिक परीक्षा दिली, परवाना मिळाला. आता आठवड्यातून चार दिवस काम करते. पाचवा दिवस मनगटासाठी.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. शेजारणीला त्यांनी “आमची सून दातांची डॉक्टर” असंच सांगितलं. मेधा शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. मी विचारलं, “का गं, गप्प का राहिलीस?”

“त्यांच्या खालच्या दातांमागे किती किटण आहे, बघितलंय मी,” ती म्हणाली. “आधी ते काढते, मग सांगते.”