तारा, टाळ्या आणि मामांच्या थापा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की कुठला जॅझ गिटार ग्रुप प्रत्यक्ष ऐकला असेल तर आठवण कळवा, काही विचारायचं असेल तर तेही विचारा. म्हटलं चार-पाच पत्रं येतील, बास. आली त्याच्या कितीतरी पट, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी दोनच ग्रुपांभोवती फिरतायत. एक 'ग्रेट गिटार्स', म्हणजे चार्ली बर्ड, बार्नी केसेल आणि हर्ब एलिस. दुसरं पाको दे लुसिया, जॉन मॅकलॉफ्लिन आणि अल डी मेओला हे त्रिकूट. सगळी पत्रं छापायला जागा नाही, जी घेतलीत त्यांनाही कात्री लावलीये, रागावू नका. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, 1982-83 च्या सुमारास मी नोकरीनिमित्त मेरीलँडला होतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात 'चार्लीज' नावाचा क्लब होता, तिथे एका संध्याकाळी मी आणि ही असे दोघं गेलो, खरं तर जेवायला, वादन आहे हे आत गेल्यावर कळलं. साठीच्या आसपासची तीन माणसं गिटार घेऊन बसलेली. माझ्या आठवणीप्रमाणे त्यातला एकजण पिक (तारा छेडायची ती छोटी चपटी चकती) न वापरता नुसत्या बोटांनी वाजवत होता. हिचं म्हणणं, तिघांकडे इलेक्ट्रिक गिटार आणि तिघांच्या हातात पिक. चाळीस वर्षं हा वाद चालू आहे, तुम्ही मिटवा. आणि दुसरं म्हणजे, मला त्यांनी वाजवलेलं एकही गाणं नावानिशी आठवत नाही, आठवतं ते एवढंच की एकजण वाजवायला लागला की दुसरा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचा जणू आज पहिल्यांदाच ऐकतोय. हे वयामुळे का?

काका, वाद तुम्ही जिंकलात, पण काकूंना एकदम सांगू नका कारण त्याही दोन तृतीयांश बरोबर आहेत. बोटांनी वाजवणारा तो चार्ली बर्ड, क्लबला नाव त्याचंच. हा माणूस नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार वाजवायचा, 1954 साली इटलीत जाऊन क्लासिकल गिटारचा उस्ताद सेगोव्हिया याच्याकडे शिकून आला होता, आणि नंतर 1962 मध्ये सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबर 'जॅझ सांबा' ही रेकॉर्ड करून बोसा नोव्हा हे ब्राझीलचं संगीत अमेरिकेत घरोघरी पोचवण्यात त्याचा मोठा वाटा. बाकीचे दोघं, केसेल आणि एलिस, पक्के इलेक्ट्रिकवाले, हातात पिक. तर काकूंच्या डोळ्यांसमोर ते दोघं राहिले, तुमच्या डोळ्यांसमोर तिसरा. आणि ऐका, त्याच क्लबात 1982 साली त्यांची एक लाईव्ह रेकॉर्डसुद्धा झालीये, ती मिळवून दोघांनी एकत्र बसून ऐका, न जाणो टाळ्यांमध्ये तुमचीही एखादी असेल.

आता नजरेचं. वयाबियाचं काही नाही हो. मला आलेल्या पत्रांपैकी निम्म्यात तरी हेच आहे, की जो वाजवत नव्हता तो काय करत होता! कुणाला पाय हलवणारा आठवतोय, कुणाला मान खाली घालून हसणारा, एका बाईंनी तर लिहिलंय की 'एलिससाहेब दुसऱ्याच्या जागेला अशी दाद द्यायचे की आमच्याकडच्या बैठकीत पहिल्या रांगेतले आजोबा आठवले'. सूर विसरले जातात, हे विसरलं जात नाही.

याला कारण आहे, आणि ते तीन गिटार एकत्र येण्यातच आहे. सॅक्सोफोन आणि पियानो एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. तीन गिटार म्हणजे एका घरात तिघं सारख्याच आवाजाचे, एकदम बोलले तर नुसता कलकलाट. म्हणून एकजण चाल धरतो तेव्हा दुसरा काय करतो ते ऐका. खालच्या जाड तारा बासवाल्याला सोडून देतो (यांच्या बासवर चार्लीचा धाकटा भाऊ जो बर्ड असायचा), वरच्या बारीक तारा चाल धरणाऱ्या सोलोवाल्याला, आणि स्वतः मधल्या दोन-तीन तारांवर छोट्या छोट्या कॉर्ड (एकदम छेडलेले दोन-तीन सूर) टाकतो, त्याही सोलोवाला श्वास घेईल तिथेच. हे करायचं तर समोरच्याकडे बघावंच लागतं, त्याचा हात पटरीवर कुठे चाललाय, आता तो थांबणारे की आणखी एक फेरा घेणारे. आणि तिसरा? तो बऱ्याचदा काहीच करत नाही. गप्प बसतो. साठीच्या कलाकारानं स्टेजवर, भरल्या क्लबात, हातात गिटार असताना गप्प बसणं, हे मला फार आवडतं.

त्यात केसेल आणि एलिस यांचं नातं वेगळंच. पियानोवाल्या ऑस्कर पीटरसनच्या ट्रिओत, म्हणजे तिघांच्या ग्रुपात, आधी केसेल होता, 1953 मध्ये त्याच खुर्चीवर एलिस येऊन बसला आणि 1958 पर्यंत राहिला. त्या ट्रिओत ड्रम नव्हता, तर एलिस तारा डाव्या हातानं दाबून गप्प करायचा आणि उजव्या बोटांनी त्यांच्यावरच ठोकायचा, बोंगो वाजतोय असं वाटायचं. दोघंही मूळचे जॅझ गिटारवाल्या चार्ली ख्रिश्चनचे भक्त, केसेलला तर ओक्लाहोमात पोरवयात प्रत्यक्ष त्याच्याबरोबर वाजवायला मिळालं होतं. म्हणजे एका गुरूचे दोन शिष्य समोरासमोर बसलेत असं समजा, एकाला दुसऱ्याची पुढची जागा माहिती असते आणि तरी तो ती कशी घेतो हे बघायचं असतं. तुम्ही पाहिलीत ती नजर बहुतेक हीच.

आमचे मामा 1980 मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला होते आणि सॅन फ्रान्सिस्कोत पाको, मॅकलॉफ्लिन आणि डी मेओला यांच्या त्या प्रसिद्ध शुक्रवारच्या कार्यक्रमाला ते हजर होते असं ते प्रत्येक लग्नात सांगतात. त्यांच्या मते कार्यक्रम खूप वेळ चालला, प्रत्येकानं एकट्यानंही वाजवलं. पण रेकॉर्ड तर चाळीसेक मिनिटांची आहे आणि त्यात एकट्याचं काहीच नाही. मामा थापा मारतात का?

मामांची माफी मागा आधी. 5 डिसेंबर 1980, वॉरफील्ड थिएटर, शुक्रवार. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून चाळीसेक मिनिटंच मावायची, तर जे मावलं ते 1981 मध्ये 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' म्हणून बाहेर आलं, तीन तुकडे दोघादोघांचे, दोन तिघांचे. मग 2022 मध्ये दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे 6 डिसेंबरच्या शनिवारचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं आणि त्यात तिघांचे एकेकट्याचे तुकडे आहेत. म्हणजे कार्यक्रमात एकट्यानं वाजवणं होतंच. चाळीस वर्षं लग्नांत हसं झालेल्या माणसाला टेपनं खरं ठरवलं, याहून मोठी भेट काय हवी.

एक मात्र मामांना विचारून बघा. रेकॉर्डवरचा शेवटचा, मॅकलॉफ्लिननं रचलेला तुकडा, 'तो ऐकताना थिएटर कसं दणाणलं' असं जर ते सांगायला लागले तर तिथे जरा चिमटा काढा. कारण तो एवढा एक तुकडा स्टुडिओत केलेला आहे, त्यात थिएटरही नाही आणि पब्लिकही नाही. पुन्हा लावून बघा, एवढ्या आरडाओरड्यानंतर अचानक शांत वाटतं ते त्यामुळे. मी स्वतः कित्येक वर्षं कॅसेटवर ऐकत होते आणि मला वाटायचं लोक दमले असतील बिचारे!

मी दोन वर्षं गिटार शिकतेय. पाको, जॉन आणि अलच्या त्या शुक्रवारच्या रेकॉर्डवर कोण काय वाजवतंय तेच कळत नाही, सगळे इतके फास्ट. आणि एका ठिकाणी लोक चक्क हसतात, ते का?

हेडफोन लाव, डावा-उजवा नीट बघून लाव. डाव्या कानात पाको, मध्ये जॉन, उजव्या कानात अल. बास, अर्धा गुंता सुटला. पहिला लांबलचक तुकडा पाको आणि अलचा आहे, तिथे तर मधे कुणीच नाही, सरळ दोन कान दोन माणसं.

मग हात ओळखायला शिक. पाको पिक वापरत नाही, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं चालवतो, फ्लामेंको म्हणजे स्पेनचं लोकसंगीत वाजवणारे त्याला पिकादो म्हणतात, प्रत्येक सूर किंचित जाडसर आणि ठसठशीत येतो, वाळूत बोट रुतल्यासारखा. अलच्या तारा स्टीलच्या, पिकनं मारलेल्या, आणि त्याची एक खोड म्हणजे उजवा तळवा ब्रिजजवळ (गिटारच्या पोटावरची तारा टेकतात ती पट्टी) तारांवर हलकेच टेकवून ठेवायचा, मग सूर लांबत नाही, टपटपटप असा गारा पडल्यासारखा आवाज होतो. मध्येच तळवा उचलतो आणि सूर एकदम मोकळा होतो. हे तू घरी आत्ता करून बघू शकतेस, एकाच तारेवर, हळू. वेगाच्या मागे लागू नकोस, तळवा एक सूतभर पुढे सरकला तरी आवाज मरतो, ते आधी सापडू दे.

हसण्याचं सांगते. तो तुकडा जॉन आणि अलचा, पियानोवाल्या चिक कोरियाच्या रचनेवरचा. दोघं मस्तीत येऊन मधेच 'पिंक पँथर' सिनेमाची चोरपावलांची धून टाकतात, एवढ्या घनघोर वादनात ते इतकं अनपेक्षित येतं की लोक फुटतात. मला तर तो तुकडा त्या चार सेकंदांसाठीच आवडतो, गुणीजन काय म्हणतील ते म्हणोत.

गिटारवाला लॅरी कोरियेल पाको-जॉनच्या या ग्रुपमध्ये होता ना? मला व्हिडिओत बघितल्यासारखं वाटतं.

होता. 1979 मध्ये हे त्रिकूट सुरू झालं तेव्हा तिसरा तोच, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला त्यांचा व्हिडिओ आहे, तुम्ही तोच बघितला असणार. पुढच्या वर्षी त्याच्या जागी डी मेओला आला. आणि मजा बघा, 1992 मध्ये पक्षाघातानं केसेलचं वाजवणं थांबलं, त्यानंतर 1996 मध्ये ग्रेट गिटार्सची जी रेकॉर्ड आली त्यात बर्ड आणि एलिस यांच्यासोबत मंडेल लो आणि हाच कोरियेल आहे. वरच्या काकांच्या आणि मामांच्या अशा दोन्ही घरांत जेवून आलेला माणूस.

सगळे एवढं कौतुक करतात म्हणून विचारतो, राग मानू नका. मला तर हे त्रिकूट म्हणजे नुसती शर्यत वाटते. कोण जास्त जोरात पळतो. लोक शिट्ट्या मारतात तेही वेगालाच. भाव कुठे आहे यात?

राग कसला, निम्मं मला मान्यच आहे. तिघं मिळून जो मोठा सुइट (एकात एक ओवलेले तुकडे) वाजवतात तो मलाही दुकानाच्या काचेतल्या दागिन्यांसारखा वाटतो, लखलखाट खूप, अंगावर घालवत नाही. आणि पब्लिकचं म्हणाल तर सवाल-जबाबात तबलेवाला तिहाई घेऊन समेवर आदळला की आपण काय वेगळं करतो? तिथेही हात वर जातात ते वेगाला का समेला, सांगणं कठीण. मॅकलॉफ्लिन तर तोवर झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकरामांबरोबर 'शक्ती' या ग्रुपात वाजवून आलेला होता, तेव्हा हे एकमेकांना चार-चार मात्रांची वाक्यं फेकणं त्याच्या कानात आपल्याकडून गेलं असावं असा माझा आपला अंदाज.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाकोला लिहिलेलं संगीत वाचता यायचं नाही, आणि जॅझवाल्यांसारखं बदलत्या कॉर्डवर जागच्या जागी सुचवत वाजवायची त्याला सवय नव्हती. फ्लामेंकोत घडणच वेगळी. सुरुवातीला या दोघांबरोबर वाजवून डोकं दुखायला लागायचं असं त्यानं स्वतःच मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे जो तुम्हाला शर्यतीतला घोडा वाटतोय तो प्रत्यक्षात अनोळखी रस्त्यावर अंधारात चाललेला माणूस आहे, आणि तरी पडत नाहीये.

तेव्हा एकदा असं करा. पाको आणि जॉन या दोघांचाच जो तुकडा आहे, ब्राझीलच्या एग्बेर्तो जिसमोंतीच्या रचनेवरचा, तो लावा आणि जॉन सोलो घेत असताना त्याच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका, फक्त डाव्या कानातला पाको ऐका. तो मागे नुसती लय धरून असतो, मध्येच एखादी कॉर्ड अर्धवट सोडतो, मग पुन्हा पकडतो. पब्लिक ओरडतंय ते जॉनसाठी, पाकोकडे त्या क्षणी कुणाचं लक्ष नाहीये, आणि त्यालाही ते बरंच वाटत असावं. तिथे भाव सापडला नाही तर परत लिहा, पुढच्या अंकात भांडू.