हक्क मिळाले, मग जागेसाठी पैसा कशाला?

प्रश्न : कायद्याने समानता दिली असताना एलजीबीटीआयक्यू (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर आदी) समुदायाच्या केंद्रांवर सरकारने वेगळा खर्च का करावा?

उत्तर : कायदा भेदभावाला मनाई करतो, पण घराबाहेर काढलेल्या तरुणाला निर्धास्तपणे बसायला जागा किंवा समुपदेशन तो आपोआप मिळवून देत नाही, आणि हे काम करणाऱ्या लहान संस्थांची बरीच शक्ती भाड्याची जागा टिकवण्यातच खर्ची पडते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने यावर काढलेला मार्ग पाहण्याजोगा आहे. तेथे २०१४ मध्ये समानतेसाठी स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झाले, २०१६ मध्ये राज्य सरकारने प्राइड सेंटरसाठी, म्हणजे या समुदायाच्या सामायिक केंद्रासाठी, दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले, मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातील जमीन पोर्ट फिलिप नगरपालिकेने दिली, आणि २०२१ मध्ये अनेक संस्था, समुदायाचे रेडिओ केंद्र व अभिलेखागार यांना एकत्र सामावणारी इमारत खुली झाली. कारभार मात्र खात्याकडे न ठेवता ना-नफा संस्थेकडे सोपवला, हे मला इमारतीहून महत्त्वाचे वाटते, कारण सरकार बदलले तरी दार उघडे राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते. बांधकामासाठी निधी देणे तुलनेने सोपे असते (त्याचे उद्घाटनही करता येते). दरवर्षीचे पगार आणि देखभाल यांसाठी तरतूद आहे का, हा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना आधी विचारावा.