चिन चिन चू मूळची कुठली?

प्रश्न : 'हावडा ब्रिज'मधलं 'मेरा नाम चिन चिन चू' टीव्हीवर लागलं की आमच्या घरी वाद होऊन राहिला आहे. मावशी म्हणते हेलन चिनी. मामा म्हणतात इंग्रज, कारण आडनाव रिचर्डसन. खरं काय? 'आवारा'तही ती आहे म्हणतात, मग आम्हाला का सापडत नाही?
— एक वाचिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मावशींनी पोशाख पाहिला आणि मामांनी आडनाव. दोन्ही फसवे आहेत.

हेलन यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३८चा, रंगूनचा. वडील अँग्लो-इंडियन, आई बर्मी. रिचर्डसन हे नाव सावत्र वडिलांकडून आलं, त्यामुळे त्यावरून रक्ताचं नातं काढू नये. अँग्लो-इंडियन म्हणजे निव्वळ इंग्रज असंही नाही. राज्यघटनेच्या कलम ३६६(२)मध्ये ही ओळख बापाच्या बाजूनं, युरोपीय वंशावरून ठरते. आई कोण हे तिथं विचारलंच जात नाही. जन्म भारताच्या हद्दीतला हवा अशीही अट त्यात आहे, आणि ब्रह्मदेश तर १ एप्रिल १९३७लाच ब्रिटिश हिंदुस्थानातून वेगळा झाला होता. मामा वकील असतील तर वाद अजून आठवडाभर चालेल!

वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतल्यावर आई मुलांना घेऊन बरीचशी वाट पायी तुडवत आसामात दिब्रुगडला पोचली. जवळ पैसा नाही, वाटेतल्या गावकऱ्यांनी दिलं तेच खायचं; निघालेल्यांपैकी निम्मेच पोचले. तिथून कलकत्ता, मग मुंबई. आई नर्स होती, पण तिच्या पगारात घर भागेना, म्हणून हेलन यांची शाळा सुटली. कुटुंबाच्या ओळखीतली नर्तिका कुक्कू (तीही अँग्लो-इंडियन) हिनं त्यांना समूहनृत्यात काम मिळवून दिलं. १९५१चे 'शबिस्तान' आणि 'आवारा' ही त्याची सुरुवात.

'आवारा'त त्या न सापडण्याचं कारण यातच आहे. वय जेमतेम बारा-तेरा, जागा घोळक्यात. आणि समूहात नाचणाऱ्या मुलींची नावं श्रेयनामावलीत सहसा नसतच. त्यातून 'एक दो तीन'मध्ये पुढं नाचते ती कुक्कू, आणि बघणारे तिलाच हेलन समजून मोकळे होतात. म्हणून उलटीकडून सुरुवात करा. १९५८च्या दोन चित्रपटांत दोघी एकत्र नाचल्या आहेत : 'चलती का नाम गाडी'तलं 'हम तुम्हारे हैं' आणि 'यहुदी'तलं 'बेचैन दिल'. कुक्कू दहाएक वर्षांनी मोठी. दोघींचे चेहरे इथं वेगळे ओळखता आले की मगच १९५१कडे जा, आणि पुढची रांग सोडून मागच्या मुली बघा. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर, आणि गाणं थांबवत थांबवत.

राहिली चिन चिन चू. शक्ती सामंतांच्या 'हावडा ब्रिज'मधलं ते एका गाण्यापुरतं सोंग. संगीत ओ. पी. नय्यर, आवाज गीता दत्त यांचा. तेव्हा हेलन एकोणीस वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. चिनी वाटाव्यात म्हणूनच तो वेष होता. मावशींना तशा वाटल्या, म्हणजे वेषभूषा करणाऱ्याचं काम चोख झालं.